कोडिंग येत नसेल तर वेबसाइट बिल्डर कसा निवडावा: आधी खिडकी अरुंद करून बघा

वेबसाइट बिल्डरच्या, म्हणजे कोड न लिहिता साइट बनवू देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, जाहिरातीत एक चित्र हमखास असतं: लॅपटॉप, टॅब्लेट आणि फोन शेजारी शेजारी ठेवलेत आणि तिन्हींवर तीच साइट देखणी दिसतेय. चित्र खोटं नसतं, पण ते टेम्प्लेट बनवणाऱ्याच्या मजकुरावर बेतलेलं असतं. दोन शब्दांचं शीर्षक, एकाच मापाचे फोटो, मोजून तीन ओळींचा परिच्छेद. तुमचा मजकूर इतका शिस्तीत बसणार नाही. त्यामुळे टेम्प्लेट आवडलं म्हणून सॉफ्टवेअर घेऊ नका. तुमचा मजकूर त्यात घातल्यावर मांडणी टिकते का, ते बघून घ्या. या तपासणीला कोडिंग लागत नाही, पैसेही लागत नाहीत. एक मोकळी संध्याकाळ पुरते.

‘रिस्पॉन्सिव्ह’, म्हणजे पडद्याच्या मापाप्रमाणे मांडणी बदलणारी साइट, हा शब्द वेब डिझायनर ईथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये रूढ केला. त्यात तीन गोष्टी होत्या: ठरावीक पिक्सेलऐवजी (पडद्यावरचे ठिपके) टक्क्यांत मोजलेले कॉलम, जागेनुसार लहानमोठे होणारे फोटो आणि पडद्याची रुंदी बघून बदलणारे नियम. ज्या रुंदीला नियम बदलतो तो ब्रेकपॉइंट. आज जवळजवळ प्रत्येक कंपनी आपलं सॉफ्टवेअर रिस्पॉन्सिव्ह असल्याचं सांगते, पण आतली यंत्रणा सगळ्यांची सारखी नसते. निवडीतला खरा फरक इथेच आहे.

उचलून ठेवायचं की ओळीत लावायचं

काही एडिटरमध्ये कुठलीही वस्तू माउसने उचलून पानावर वाटेल तिथे ठेवता येते. विक्स या बिल्डरचा जुना, साधा एडिटर या जातीचा. पहिल्या दिवशी फार सोपं वाटतं. पण अशी वस्तू पानावर एका जागी खिळलेली असते, आणि फोनसाठीची मांडणी वेगळ्या दृश्यात स्वतंत्रपणे सांभाळावी लागते. कॉम्प्युटरच्या दृश्यात एखादा भाग हलवला किंवा नवा घातला, की फोनच्या दृश्यात जाऊन तो नीट बसला का, हे दर वेळी बघावं लागतं. चार-पाच पानांची, वर्षातून दोनदा बदलणारी साइट असेल तर हे चालून जातं. दर आठवड्याला काहीतरी नवीन टाकणार असाल, तर महिन्याभरात त्रास सुरू होतो.

दुसरी जात डब्यात डबे ठेवण्याची. वर्डप्रेसचा ब्लॉक एडिटर आणि वेबफ्लो हे बिल्डर असे चालतात. पानात सेक्शन, सेक्शनमध्ये कॉलम, कॉलममध्ये मजकूर. वरचा मजकूर वाढला की खालचा आपोआप खाली सरकतो, काही एकमेकांवर चढत नाही. सुरुवातीला हात बांधल्यासारखं वाटतं, कारण बटण ‘थोडंसं उजवीकडे’ असं ओढता येत नाही. आमच्या मते नवशिक्याने ही अडचण पत्करावी. स्क्वेअरस्पेसचा फ्लुइड इंजिन एडिटर या दोन्हींच्या मधला: वस्तू जाळीवर ओढायच्या, पण कॉम्प्युटरसाठी २४ कॉलमची जाळी आणि फोनसाठी ८ कॉलमची, दोन्हींवरची मांडणी वेगळी.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी विचारून घ्यावी: बदल कुठून कुठे झिरपतात? वेबफ्लोमध्ये कॉम्प्युटरच्या दृश्यात केलेली सजावट खाली टॅब्लेट आणि फोनपर्यंत उतरते. फोनच्या दृश्यात केलेली वर जात नाही. हे माहीत नसलेला माणूस आधी फोनचं पान सजवतो आणि मग मोठ्या पडद्यावर काहीच का बदललं नाही म्हणून डोकं धरून बसतो.

चाचणीचं पान

मोफत खातं उघडा आणि टेम्प्लेट न घेता कोरं पान घ्या. त्यात तुमचाच खरा मजकूर घाला: बारा-पंधरा शब्दांचं शीर्षक, सात नोंदींचा मेनू, तीन कॉलमची एक ओळ, चार रकान्यांचा तक्ता आणि एक फॉर्म. शिवाय फोटो-मजकुराच्या दोन ओळी: पहिल्या ओळीत डावीकडे मजकूर, उजवीकडे फोटो, दुसऱ्या ओळीत उलट.

आता प्रिव्ह्यू वेगळ्या टॅबमध्ये उघडा आणि ब्राउझरच्या खिडकीची कड धरून ती हळूहळू अरुंद करत न्या. क्रोममध्ये एफ१२ दाबून मग कंट्रोल, शिफ्ट आणि एम एकत्र दाबलं, तर रुंदी आकड्यात टाकता येते. १२८०, १०२४, ७६८, ३९० आणि ३२० पिक्सेल एवढ्या रुंदी बघाच. गडबड बहुतेक वेळा ७६८ ते १०२४ च्या पट्ट्यात सापडते, कारण बिल्डरचा स्वतःचा प्रिव्ह्यू दोन-तीन ठरावीक रुंदीच दाखवतो आणि मधलं कोणी बघत नाही. ब्रेकपॉइंटच्या दोन्ही बाजूही बघा. एलिमेंटर या वर्डप्रेसवर चालणाऱ्या बिल्डरमध्ये फोनची हद्द मुळात ७६७ पिक्सेलला संपते. ७६७ वर एकाखाली एक आलेले कॉलम ७६८ वर पुन्हा शेजारी शेजारी दाटीने बसतात. ३२० वर पान आडवं सरकवावं लागलं तर काहीतरी बाहेर डोकावतंय. बहुतेक तो तक्ता असतो, नाहीतर ठरावीक रुंदीचा फोटो. ३२० पिक्सेलचे फोन आता फारसे दिसत नाहीत, पण १२८० च्या पडद्यावर कमी दिसणाऱ्या माणसाने पान ४०० टक्के मोठं केलं की त्याला तेवढीच रुंदी मिळते.

मग त्या फोटो-मजकुराच्या दोन ओळींकडे या. फोनवर कॉलम एकाखाली एक येतात, डावा आधी, उजवा नंतर. म्हणजे क्रम होतो मजकूर, फोटो, फोटो, मजकूर. दोन फोटो एकमेकांना चिकटतात आणि कुठला फोटो कुठल्या मजकुराचा ते वाचणाऱ्याला कळत नाही. सॉफ्टवेअरमध्ये फक्त फोनपुरता क्रम उलटा करायची सोय आहे का, ती शोधा. नसेल तर लोक एक घातक पळवाट काढतात: सेक्शनची नक्कल करायची, एक फोनवर लपवायची, दुसरी कॉम्प्युटरवर. पुढे फोन नंबर बदलला की तो एका जागी बदलतो, दुसरीकडे जुनाच राहतो. लपवलेला भागही बहुतेक वेळा डाउनलोड होतोच, फक्त दिसत नाही.

शीर्षकाचा आकार प्रत्येक ब्रेकपॉइंटला वेगळा देता यायला हवा. कॉम्प्युटरवर ६० पिक्सेलचं शीर्षक फोनवर तसंच राहिलं तर एका ओळीत एक शब्द मावतो. मराठी मजकूर असेल तर आणखी दोन खोड्या निघतात. टेम्प्लेटमधलं ओळींमधलं अंतर रोमन लिपीसाठी ठरवलेलं असतं, ते अक्षरांच्या आकाराच्या १.१ पटीच्या आसपास असेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना जाऊन भिडतात. १.४ ते १.६ ठेवा. आणि अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटून शब्द दातपडक्यासारखे दिसतात. फॉन्टही देवनागरी असलेलाच निवडा, उदाहरणार्थ मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी. नसेल तर प्रत्येक फोन स्वतःकडचा फॉन्ट लावतो आणि साइट सगळीकडे वेगळी दिसते.

फॉर्मच्या रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असतील तर आयफोनवर रकान्याला हात लावताच पान आपोआप मोठं होतं आणि कडेला सरकतं. बटणं ४८ पिक्सेल उंच धरा. अँड्रॉइडची शिफारस ४८ ची आहे, ॲपलची ४४ ची.

एवढं झालं की पान पब्लिश करून खऱ्या फोनवर बघा, जमल्यास जुन्या आणि मोबाइल डेटावर चालणाऱ्या. कीबोर्ड उघडल्यावर ‘पाठवा’ बटण झाकलं जातं का, हे कॉम्प्युटरवरच्या प्रिव्ह्यूत कळत नाही.

वेग

पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या मोफत वेग-चाचणीत तुमच्या चाचणीच्या पानाचा पत्ता टाका आणि मोबाइलचा निकाल वाचा. त्याच बिल्डरवर इतरांनी बनवलेल्या तीन-चार साइटही तपासा. कंपनीच्या स्वतःच्या मुखपृष्ठावरून काही ठरत नाही. पानावरची सर्वांत मोठी गोष्ट २.५ सेकंदांत दिसावी आणि पान उघडताना मांडणी हलण्याचा आकडा (निकालात ‘CLS’) ०.१ च्या आत असावा. आकडे वाईट आले तर आधी स्वतःचे फोटो बघा. फोनने काढलेला ४००० पिक्सेलचा फोटो तसाच चढवू नका. २००० पिक्सेलच्या आत आणून मग टाका. गूगल आता साइटची मोबाइल आवृत्तीच नोंदवतं, तेव्हा फोनवर जागा नाही म्हणून मजकूर उडवला तर शोधातही तो उडतो.

बाहेर पडायचा दरवाजा

पैसे भरण्याआधी विचारा: उद्या सोडायचं झालं तर काय नेता येईल? विक्सवरची साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर (साइट ठेवायची भाड्याची जागा) ठेवता येत नाही. स्क्वेअरस्पेस काही भाग वर्डप्रेसच्या फाइलमध्ये काढून देतं, सगळं नाही. वेबफ्लो सशुल्क प्लॅनवर कोड देतं, पण तिथले फॉर्म बाहेर चालत नाहीत. स्वतःच्या होस्टिंगवर टाकलेलं वर्डप्रेस पूर्ण तुमचं. त्याबदल्यात अपडेट, बॅकअप आणि बिघडलेलं प्लगइन (वरून जोडलेली छोटी सोय) हेही तुमचंच. ते नियमित बघायला वेळ नसेल तर वर्डप्रेस घेऊ नका, फुकट आहे म्हणून तर नाहीच.

डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, बिल्डरकडून न घेता वेगळ्या रजिस्ट्रारकडे (पत्ते नोंदवणारी कंपनी) घ्या, म्हणजे सॉफ्टवेअर बदललं तरी पत्ता तुमच्या हातात राहतो. प्लॅनच्या पानावर पहिल्या वर्षाच्या सवलतीखाली नूतनीकरणाचा दर बारीक अक्षरात असतो. हिशोब त्याच दराने करा. मोफत प्लॅनवर सहसा कंपनीची जाहिरात दिसते आणि स्वतःचं डोमेन जोडता येत नाही. पहिला महिना मासिक प्लॅन घ्या, वार्षिक नको. डोमेन जोडल्यावर नवा पत्ता सगळीकडे पोहोचायला ४८ तासांपर्यंत लागू शकतात. पत्ता एचटीटीपीएसने (सुरक्षित जोडणीने) विनातक्रार उघडायला लागेपर्यंत साइटची लिंक कोणाला पाठवू नका; तोवर उघडणाऱ्याला ब्राउझर ‘असुरक्षित’ म्हणून इशारा देतो.