मुंबईत घर शोधताना आधी गाडी, मग गल्ली

सांगलीहून मुंबईला यायचं ठरलं तेव्हा आम्ही दोघं रात्री नकाशा उघडून बसलो होतो. नवऱ्याचं ऑफिस मरोळला. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर, कासारवडवलीला एक फ्लॅट मिळत होता. हवेशीर, दोन बाल्कन्या, भाडं खिशाला झेपणारं. अंतर पंचवीसेक किलोमीटर. आमच्याकडे पंचवीस किलोमीटर म्हणजे वाटेतला चहा धरून पाऊण तास. पहिल्या सोमवारी नवरा साडेआठला घराबाहेर पडला आणि पावणेअकराला ऑफिसात पोचला. अकरा महिन्यांचा करार आम्ही कसाबसा रेटला, मग मुलुंड पूर्वेला आलो. घर लहान झालं, बाल्कनी गेली, पण तोच माणूस पन्नास मिनिटांत ऑफिसात पोचू लागला. मुलुंडहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका.

तुम्ही बाहेरगावाहून कुटुंब घेऊन येणार असाल तर आमच्यासारखं घरापासून सुरू करू नका. मुंबईत आधी रेल्वेलाइन ठरते, मग स्टेशन, मग पूर्व की पश्चिम, मग गल्ली, आणि सगळ्यात शेवटी घर.

पहिली पायरी : लाइन

इथे कुणालाही 'किती लांब राहता' विचारा, उत्तर मिनिटांत येईल आणि गाडी कुठे बदलायची तेही त्यातच येईल. मुंबई उत्तर-दक्षिण लांबट आहे, लोकलही तशीच धावते. पश्चिम रेल्वे चर्चगेटहून अंधेरी, बोरिवली, वसई, विरारकडे. मध्य रेल्वे सीएसएमटीहून, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून, दादर, घाटकोपर, ठाणे, डोंबिवली, कल्याणकडे. हार्बर सीएसएमटीहून चेंबूर, वाशी, पनवेलकडे, शिवाय तिचा एक फाटा वांद्र्यावरून गोरेगावला. ठाण्याहून वाशी-पनवेलला जाणारी ट्रान्स-हार्बर वेगळी. उत्तर-दक्षिण प्रवास लांबचा असला तरी वेळेचा अंदाज बांधता येतो. पूर्व-पश्चिम प्रवास जवळचा असूनही दमवतो, कारण तो बराचसा रस्त्याने करावा लागतो.

म्हणून ऑफिस ज्या लाइनवर, शक्यतो त्याच लाइनवर घर. गाडी बदलायची तर एकदाच. दोनदा बदलावी लागली तर त्या घराचा नाद सोडा, मग तिथे स्विमिंग पूल का असेना.

ऑफिस नरिमन पॉइंट किंवा फोर्टला असेल तर पश्चिम आणि मध्य दोन्ही खुल्या आहेत. लोअर परळला पश्चिम सोयीची, पण जवळच मध्य रेल्वेचं करी रोड आहे, त्यामुळे ठाणे-मुलुंडकरही निभावतात. बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाला, वांद्रे आणि कुर्ला अशा दोन बाजूंनी जाता येतं, आणि आता भुयारी मेट्रोही थेट तिथे थांबते. ही तिसरी मेट्रो २०२४ च्या ऑक्टोबरात आरे ते बीकेसी सुरू झाली आणि २०२५ च्या ऑक्टोबरात कफ परेडपर्यंत पोचली. जुन्या मुंबईकरांचे सल्ले ऐकताना ते या मेट्रोच्या आधीचे आहेत की नंतरचे, एवढं विचारून घ्या. मरोळ, साकीनाका, चकाला भागात ऑफिस असेल तर वर्सोवा-घाटकोपर मेट्रोमुळे मध्य रेल्वेवालेही सुटले. पवईला लोकलचं स्टेशन नाही. कांजूरमार्ग किंवा विक्रोळीला उतरून पुढे बस-रिक्षा. ऐरोली, रबाळे, महापे इथल्या कंपन्यांसाठी ठाणे किंवा खुद्द ऐरोली पाहा. ऐरोली पुलामुळे मुलुंडही चालतं. अशा नोकरीसाठी बोरिवलीत घर घेणं म्हणजे स्वतःवर सूड उगवणं.

नवरा-बायको दोघांची नोकरी असेल तर ज्याला रात्री उशीर होतो किंवा ज्याला मुलासाठी धावत घरी यावं लागतं, त्याच्या ऑफिसकडे झुकतं माप द्या. आमच्याकडे पहिल्यांदा हे चुकलं. कमावणारा तेव्हा एकच होता म्हणून घर त्याच्या पगाराच्या हिशेबाने घेतलं, पण दिवसभर तिथे राहणार होतो मी, सासूबाई आणि तिसरीतला मुलगा. आमच्या तिघांचा दिवस कसा जाईल हा विचार कुणी केलाच नाही. मीही नाही.

दुसरी पायरी : स्टेशन

सगळी स्टेशनं सारखी नसतात. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, ठाणे, डोंबिवली, कल्याण इथे जलद गाड्या थांबतात. विद्याविहार किंवा नाहूरला धीमीच. हार्बरला जलद लोकल हा प्रकारच नाही, त्यामुळे पनवेल ते सीएसएमटी सव्वा तासाच्या वर धरा.

पण जलद गाडी थांबते म्हणजे त्यात चढता येतं असं नाही. विरारहून भरून आलेल्या गाडीत बोरिवलीला चढून पाहा, किंवा कर्जत-कसाऱ्याहून आलेल्या गाडीत डोंबिवलीला. म्हणून त्या स्टेशनातून सुटणाऱ्या गाड्या किती आहेत ते बघा. बोरिवली, अंधेरी, ठाणे, डोंबिवली, कल्याण इथून सुटणाऱ्या लोकल आहेत. रोज तासभर उभं राहणं आणि बसून जाणं यातला फरक चाळिशीनंतर फार कळतो. एम-इंडिकेटर या ॲपवर वेळापत्रक मिळतं.

वेळापत्रकावर मात्र भागत नाही. घर बघायच्या आधी एखाद्या मंगळवारी-बुधवारी त्या स्टेशनवर सकाळी साडेआठला जाऊन उभे राहा आणि ऑफिसपर्यंत जाऊन या. संध्याकाळी साडेसहाला उलटा प्रवासही करा. सोबत बायको, बहीण, आई कुणी असेल तर त्यांनी लेडीज डब्याने जावं, कारण तिथली गर्दी आणि तिथले नियम वेगळे. रविवारी ही चाचणी घेऊ नका. रविवारी बहुतेक वेळा कुठे ना कुठे मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद, असतो, आणि जिथे नसतो तिथे गाडी रिकामी असते. दोन्ही फसवं.

रिक्षा वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला येत नाहीत, तिथे टॅक्सी किंवा बस. डोंबिवली-कल्याणकडे मीटरपेक्षा शेअर रिक्षा जास्त चालते. घर स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांत असेल तर उत्तम. हे स्वतः चालून मोजा. एजंटची दहा मिनिटं वेगळी असतात.

तिसरी पायरी : पूर्व की पश्चिम

रुळांच्या दोन बाजू म्हणजे दोन गावं. पार्ले पूर्व आणि पार्ले पश्चिम, घाटकोपर पूर्व आणि पश्चिम, भाव वेगळा, वस्ती वेगळी, बाजार वेगळा. मुलाची शाळा एका बाजूला आणि घर दुसऱ्या बाजूला झालं तर रोज पूल चढा-उतरायचा किंवा उड्डाणपुलाला वळसा घालायचा. म्हणून शाळा, बाजार, दवाखाना यांपैकी निदान दोन गोष्टी घराच्याच बाजूला हव्यात.

मराठी शेजार हवा असेल तर तसं उघड म्हणायला लाजू नका. दादर, पार्ले पूर्व, मुलुंड पूर्व, ठाण्याचा नौपाडा, डोंबिवली, विक्रोळीचं कन्नमवार नगर हे भाग त्यासाठी ओळखले जातात. माझी एक साधी खूण आहे : जवळ नाट्यगृह आहे का? पार्ल्याला दीनानाथ, बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडला कालिदास, ठाण्याला गडकरी रंगायतन, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले, वाशीला विष्णुदास भावे. नाटक बघा, नका बघू. पण जिथे नाटक चालतं तिथे साबुदाणा खिचडी मिळते आणि सासूबाईंना बाकावर बोलायला कुणीतरी भेटतं. घोडबंदरच्या बावीस मजली इमारतीत त्यांना अकरा महिन्यांत एक मैत्रीण मिळाली नव्हती. मुलुंडला तिसऱ्या दिवशी भजनी मंडळाचं बोलावणं आलं.

शाळा

हे खरं तर लाइनच्या बरोबरीने बघायला हवं. मराठी माध्यम हवं असेल तर दादरचं बालमोहन, पार्ल्याचं पार्ले टिळक अशा शाळांच्या आसपास लोक मुद्दाम घर घेतात. इंग्रजी माध्यमात एसएससी, सीबीएसई, आयसीएसई यांपैकी काय ते आधी ठरवा, नाहीतर शाळेच्या पायी पुन्हा घर बदलावं लागेल. ज्युनिअर केजीचे फॉर्म बऱ्याच ठिकाणी दिवाळीच्या आगेमागेच निघतात. पहिलीसाठी राज्यात ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, सीबीएसईचं वर्ष अनेक शाळांत एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे मे महिन्यात येणाऱ्यांची पंचाईत होते. आधी शाळेत फोन करून त्या इयत्तेत जागा आहे का ते विचारा. शाळा सोडल्याचा दाखला मिळाल्याशिवाय जुनं गाव सोडू नका.

चौथी पायरी : गल्ली

गल्ली तीन वेळा बघायची. एकदा कामाच्या दिवशी सकाळी, एकदा रात्री आठ-साडेआठला, आणि जमलं तर जोरदार पाऊस पडून गेल्यावर लगेच.

पावसाचं एवढ्यासाठी की २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तेव्हा कुठे किती पाणी चढलं होतं हे जुन्या दुकानदारांना अजून पाठ आहे, बोट लावून दाखवतात. तसा पाऊस रोज पडत नाही, पण साध्या मुसळधार पावसातही अंधेरी सबवे, मिलन सबवे, कुर्ला, सायन, नालासोपारा ही नावं बातम्यांत येतातच. समुद्राला मोठी भरती आणि वर पाऊस असं जुळून आलं की गटारांचं पाणी समुद्रात जायला वाट मिळत नाही. उन्हाळ्यात घर बघत असाल तर तळमजल्याच्या भिंतींवरच्या ओलीच्या रेघा बघा. दुकानांचे ओटे गुडघाभर उंच बांधलेले दिसले तर समजा.

रात्रीचं वासासाठी. कांजूरमार्ग आणि देवनारच्या डम्पिंग ग्राउंडचा वास वाऱ्याप्रमाणे येतो, दुपारी काहीच कळत नाही. चेंबूरला माहुलच्या बाजूला रिफायनऱ्या आहेत. कुर्ला, पार्ले, सांताक्रूझच्या काही भागांत विमानं डोक्यावरून जातात. लहान बाळ असेल तर त्या घरात अर्धा तास नुसतं बसून ऐका.

आता पाणी. याबद्दल एजंटला विचारून उपयोग नाही, घरमालकालाही नाही. वॉचमन आणि कोपऱ्यावरची भाजीवाली, हे दोघं सांगतात. मी मुलुंडला भाजीवाल्या मावशींना विचारलं होतं, "मावशी, त्या बिल्डिंगीत पाणी कसं आहे?" त्या म्हणाल्या, "पाणी येतं गं. पण वरच्या मजल्यावर घेऊ नको, लिफ्ट बंद असते." एका वाक्यात दोन कामं झाली. मुंबईत महापालिकेचं पाणी बहुतेक ठिकाणी ठरावीक वेळच येतं आणि सोसायटी ते टाकीत साठवून वर चढवते. त्यामुळे 'चोवीस तास पाणी' याचा अर्थ टाकी मोठी आहे, इतकाच. विचारायचं ते हे : उन्हाळ्यात महिन्याला किती टँकर मागवता, आणि त्याचे पैसे भाडेकरूकडून घेता का? घोडबंदर, मीरा रोड, वसई-विरार, खारघरकडे हा प्रश्न सोडू नका.

हद्दही लक्षात ठेवा. मुंबई महापालिका दहिसर, मुलुंड आणि मानखुर्दला संपते. त्यापुढे मीरा-भाईंदर, वसई-विरार, ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, पनवेल अशा वेगळ्या महापालिका आहेत. पाणी, रस्ते, सरकारी दवाखाने त्यानुसार बदलतात.

पाचवी पायरी : घर आणि कागद

पहिल्या वर्षी भाड्यानेच राहा, विकत घ्यायची घाई नको. भाडं सांगताना एजंट बिल्ट-अप क्षेत्रफळ सांगतो, तुम्ही कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, विचारा आणि कपाट, पलंग कुठे बसतील ते टेपने मोजा. सांगलीचा आमचा सागवानी पलंग मुलुंडच्या बेडरूममध्ये गेला, पण मग दार लागेना.

इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, आहे का ते विचाराच. नसेल तर पाण्यापासून पाडकामापर्यंत काहीही मागे लागू शकतं. सोसायटीला बाहेरचे भाडेकरू, कुत्रा, मांसाहार चालतो का हेही आधीच. नंतर वाद घालण्यात अर्थ नसतो.

टोकन, म्हणजे घर धरून ठेवायची आगाऊ रक्कम, मात्र हात आखडून द्या. आम्ही एका एजंटला, घर बघितलं त्याच दिवशी, 'दुसरी पार्टी तयार आहे' या धाकाने दहा हजार दिले. घर मिळालं नाही, पैसे मिळायला चार महिने आणि नवऱ्याचा सगळा सांगलीकरपणा लागला. घरमालकाशी समोरासमोर बोलणं झाल्याशिवाय आणि घर त्याच्याच नावावर असल्याचा कागद पाहिल्याशिवाय रुपयाही देऊ नका.

करार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायच्या परवानगीचा, साधारण अकरा महिन्यांचा असतो. त्याची नोंदणी महाराष्ट्रात बंधनकारक आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे ती जबाबदारी मालकाची, आणि नोंदणी नसेल तर वादात भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. तरीही 'नुसतं नोटरी करू' म्हणणारे मालक भेटतात. ऐकू नका. नोंदणीकृत करार शाळा, गॅस, बँक सगळीकडे पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. आता एजंट घरी येऊन अंगठे घेऊन जातो, अर्ध्या तासाचं काम आहे. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची तीही त्याच वेळी उरकून घ्या. एजंटची दलाली बहुधा एका महिन्याचं भाडं. हेवी डिपॉझिट देऊन भाडं वाचवायची योजना ऐकायला गोड वाटते, पण लाखो रुपये अनोळखी माणसाकडे अडकतात.

सामान आणायचा दिवस ठरवण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन करा. बऱ्याच ठिकाणी रविवारी आणि संध्याकाळनंतर सामान चढवू देत नाहीत, लिफ्टला वेगळे पैसे घेतात. टेम्पोवाल्याला गल्लीची रुंदी सांगा. आमचा मोठा ट्रक मुलुंडला नाक्यावरच अडला आणि फ्रिज हातगाडीवरून घरी आला.