चौथ्या शतकातली रोमन कांस्य नाणी कशी ओळखावीत

राजाच्या चेहऱ्यापासून सुरुवात करू नका. रोमन सम्राट कॉन्स्टंटाईन आणि त्याची मुलं नाण्यांवर जवळपास सारखीच दिसतात. नाणं आधी उलटं करा.

व्यास आणि वजन टिपून ठेवा, काटा 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. मग दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि दिवा बाजूला ठेवून उजेड तिरपा पाडा. समोरच्या उजेडात झिजलेली अक्षरं सपाट दिसतात.

दोन सैनिक आणि मध्ये ध्वज दिसला, तर लेख 'ग्लोरिया एक्सर्सितुस' (लॅटिनमध्ये 'सैन्याचा गौरव') असतो. इथे ध्वज मोजा. दोन असतील तर नाणं 330 ते 335 मधलं, सुमारे अडीच ग्रॅमचं. एकच असेल तर 335 ते 341 च्या आसपासचं, दीड ग्रॅमच्या जवळपास. तेव्हा नाण्याचं वजन घटवलं होतं. सैनिक घोड्यावरून कोसळलेल्या स्वाराला भाल्याने भोसकत असेल, तर ते 348 किंवा त्यानंतरचं.

चित्राखालच्या आडव्या रेषेखाली टाकसाळीच्या शहराची खूण असते: 'एसएमएन' निकोमीडिया, 'एसएमके' सिझिकस, 'एसआयएस' सिस्किया, 'टीआर' त्रियेर. त्याच्या आधीचं किंवा नंतरचं अक्षर बहुधा टाकसाळीतल्या विभागाचं.

आता राजाचं नाव. 'यू'च्या जागी 'व्ही' कोरलेला असतो. कॉन्स्टंटाईन आणि त्याचा मुलगा कॉन्स्टँटियस यांत हमखास गफलत होते. नावाच्या शेवटी 'टी-आय'नंतर 'एन' आहे का, ते पाहा; असेल तर कॉन्स्टंटाईन. ध्वजांच्या नाण्यांवर 'मॅक्स ऑग' म्हणजे बहुधा बाप, 'इउन नोब सी' म्हणजे त्याच नावाचा मुलगा.

माती काढताना चिंच, लिंबू, व्हिनेगर अजिबात नको. तांब्याचा तांब्या त्याने लखलखतो, पण जुन्या नाण्याची अक्षरं त्याच्या हिरवट-तपकिरी थरातच टिकलेली असतात. आम्लाने थर गेला की लेखही गेला. डिस्टिल्ड पाण्यात भिजवा, पाणी रोज बदला, आठवडे लागले तरी लागू द्या. मऊ ब्रश आणि लाकडी टूथपिक पुरे. नंतर पूर्ण वाळवा. फिकट हिरवी भुकटी झटकूनही पुन्हा येत असेल, तर आतलं क्लोराईड ओलाव्याने धातू खातंय. असं नाणं वेगळं, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवा. पीव्हीसी प्लास्टिकच्या मऊ पाकिटात कोणतंच नाणं ठेवू नका. त्याने हिरवा चिकटा धरतो.

अशी नाणी तमिळनाडूत आणि मोठ्या संख्येने श्रीलंकेतही सापडली आहेत. भारतात शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं: विक्रेत्याकडे परवाना असल्याची खात्री करा, खरेदीची पावती जपा आणि परदेशातल्या मित्राला भेट म्हणूनही पाठवू नका. जमिनीत नाणी सापडलीच, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा.