ज्येष्ठ नागरिक संघाची एसटीने सहल

ज्येष्ठ नागरिक संघाची एक दिवसाची सहल ठरवताना खासगी गाडीआधी एसटीचा विचार करावा, कारण राज्याच्या हद्दीत ६५ ते ७५ वर्षे वयाच्या प्रवाशांना अर्धे तिकीट पडते, तर ७५ वर्षे पूर्ण केलेल्यांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे. वाहकाला दाखवायचे आधार कार्ड प्रत्येकाने स्वतःच्या खिशात ठेवावे. सर्वांची कार्डे एकाच पिशवीत ठेवली की चढताना हमखास खोळंबा होतो.

ठिकाण निवडताना अंतरापेक्षा पायऱ्यांचा हिशेब महत्त्वाचा. पुण्याहून निघणाऱ्यांना जेजुरीचा गड झेपणार नसेल, तर पुढे मोरगावला मयूरेश्वराचे दर्शन तुलनेने सोपे पडते. रविवार आणि चतुर्थी मात्र गर्दीमुळे टाळावी.