मॉडेल कार रंगवायच्या आधीची तयारी, बेळगावच्या पावसात

मागच्या जुलैत टिळकवाडीतल्या घरात १:२४ च्या (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याच्या) काळ्या गाडीवर संध्याकाळी लॅकर क्लिअर, म्हणजे भराभर वाळणारा पारदर्शक थर, मारला, बाहेर धो धो पाऊस, आणि दहा मिनिटांत सगळं छत दुधाळ झालं, तीन आठवड्यांचं काम गेलं. म्हणून आधी हवा बघा. हवेतला दमटपणा मोजणारा छोटा डिजिटल हायग्रोमीटर आणा, आकडा ७० टक्क्यांच्या वर असेल तर लॅकरला हात लावू नका. थिनर भराभर उडतो, त्यानं रंगाचा थर गार पडतो आणि हवेतलं पाणी त्याच्यावर बसतं, मग पांढरट झाक येणारच.

साबणानं धुणं, मोल्डच्या (साच्याच्या) रेषा घासणं, मास्क, हे ठाऊक असतंयच. प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, लाल-पिवळ्याखाली पांढरा, बाकीला राखाडी. आणि प्रायमरच्या आधी हवा बघा! सकाळी बघितली होती म्हणून चालत नाही, चंदगडच्या अंगानं ढग आले की तासाभरात आकडा पालटतो.

स्प्रे कॅन कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर अजिबात नको, फुटतो. खऱ्या गाडीचा मेटॅलिक टचअप वापरू नका, त्यातली चमकी एवढ्या लहान गाडीवर खड्यांसारखी दिसते. लॅकरवर इनॅमल (सावकाश वाळणारा रंग) चालतं, इनॅमलवर लॅकर मारला की सुरकुत्या पडतात. थर पातळ द्या, आणि प्रत्येक थराआधी परत एकदा हवा बघा, मी कंटाळा केला तो इथंच.

गाडी खरी वाटते ती बारक्या कामानं. दाराच्या फटीत काळा वॉश (पातळ केलेला रंग), क्रोमला फॉइल, टायरची चकाकी पॉलिश पेपरनं मारायची. नंबरप्लेट मापात पाहिजे, खरी ५०० बाय १२० मिलिमीटर म्हणजे आपली साधारण २१ बाय ५, त्यावर बेळगावचा केए २२, निपाणीकडची गाडी असेल तर केए २३. धुळीला खानापूरची लाल माती मलमलीतनं गाळून घ्या, चाकांच्या मागं आणि खाली लावा, छतावर लई नको.

काच, आरसे, वायपर शेवटी. मॅट क्लिअरच्या (बिनचकाकीच्या पारदर्शक थराच्या) वेळी रात्रीचे अकरा वाजलेले असू देत, आधी हायग्रोमीटर बघा, ७० च्या वर असेल तर गाडी डब्याखाली झाकून झोपा.