जुनी युरोपियन दुनळी रायफल ओळखताना या चुका टाळा

माझ्याकडे ओळखायला जुन्या रायफलचे फोटो येतात ते सगळे एकाच छापाचे. गादीवर आडवी ठेवलेली अख्खी बंदूक, लांबून काढलेली, आणि खाली प्रश्न, "किती येतील?" अहो, आधी ती आहे काय ते तर कळू द्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नळीवर जे नाव ठळक दिसतं तोच बनवणारा असं धरून चालणं. एका ओळखीच्यांकडे पणजोबांची जर्मन दुनळी होती, लायसन्सवर रीतसर चढवलेली, आणि नळीवर 'क्रुप' कोरलेलं, झालं, घरात सगळ्यांचं ठरलं की तोफा बनवणाऱ्या क्रुपने खास बनवलेली ही डबल रायफल, काकांनी तर मनातल्या मनात फ्लॅट बुक केला होता. क्रुप म्हणजे फक्त पोलाद कुणाचं ते! जर्मनीतल्या झुल गावचे बंदूकवाले ते पोलाद घ्यायचे आणि तसं अभिमानाने कोरायचे. ऑस्ट्रियन नळीवर 'ब्योलर' आणि बेल्जियनवर 'कॉकेरिल' दिसतं त्याचंही तेच. मी म्हटलं, आधी रिकामी आहे का बघा, मग नळ्या उतरवा आणि खालची सपाट बाजू दाखवा, खरी कुंडली तिथे असते. एका नळीवर मुकुटाखाली 'जी' निघाला, दुसरीवर 'एस' आणि 'डब्ल्यू'. १८९१ च्या जर्मन कायद्यानुसार नळी तपासून मारलेले हे शिक्के, अंमल १८९३ पासून. जी म्हणजे आटे, म्हणजे आतून पिळाच्या खाचा, पाडलेली नळी, एस म्हणजे छऱ्याची, डब्ल्यू म्हणजे चोक, तोंडाशी जरा आवळलेली नळी. म्हणजे ही डबल रायफल नव्हेच, अर्धी रायफल अर्धी शॉटगन, जिला केप गन म्हणतात. नळ्या उतरवून मागून आरपार बघितलं असतं तरी एका नळीत आटे नाहीत हे कळलं असतं, पण तेवढा धीर कुणाला आहे. काका अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

दुसरा माझा डोकेदुखीचा विषय म्हणजे आकडे. '६७.४९' दिसलं की कुणी तो सिरीयल नंबर समजतो, कुणी कॅलिबर. तो गेजच्या, म्हणजे नळीचं माप सांगायच्या जुन्या पद्धतीच्या, कोष्टकातला आकडा आहे, नळीचा आतला व्यास साधारण १०.४ मिमी, आणि त्यावरून काडतुसाचं नाव कळत नाही. '३.२८' म्हणजे मार्च १९२८, ३.२८ कॅलिबर नव्हे. कॅलिबर पाहिजे तर चांगल्या गनस्मिथकडून चेंबरचा साचा घ्या, मी त्याशिवाय कुणाच्याच रायफलचं कॅलिबर सांगत नाही, मग कितीही फोन करा. "घालून बघितलं, बसतंय की" हा शॉर्टकट तर हात गमवायचा धंदा आहे. इंग्लिश .५०० एक्सप्रेस रायफलमध्ये तीन इंची काळ्या दारूचं आणि नायट्रोचं, म्हणजे बिनधुराच्या दारूचं, काडतूस दोन्ही बसतात, पण नायट्रोचं प्रेशर काळ्या दारूसाठी केलेल्या रायफलला झेपणारं नाही.

पॉलिश पेपर लावू नका. शिक्के गेले की गेले, आणि "चकाचक केली" असं सांगणाऱ्या भाच्यांना घरात कपाटाची चावी देऊ नका.

स्क्रू साध्या स्क्रू ड्रायव्हरने खोलू नका, खाचा खराब होतात.

अंडाकृती शिक्क्यात 'ईएलजी' असेल तर लिएज, बेल्जियम. वर मुकुट नसेल तर १८९३ च्या आधीचा.

मँटन, कलकत्ता असं लिहिलंय म्हणून कलकत्त्यात बनली असं नसतं, ते विकणाऱ्याचं नाव, बर्मिंगहॅमचे शिक्के बघा.

जुनी आहे म्हणजे लायसन्स नको असं परस्पर ठरवू नका, आधी वकिलाला विचारा.

इंग्लिश असेल तर मात्र नशीब. पर्डी, रिग्बी, हॉलंड अँड हॉलंड यांच्या जुन्या वह्या आहेत, सिरीयल नंबर कळवला तर कधी बनली, कुणाला विकली ते बऱ्याचदा कळतं. तो नंबर बहुतेक ट्रिगर गार्डच्या मागच्या पट्टीवर असतो. फोटो काढताना फ्लॅश बंद करा, टॉर्च बाजूने तिरका धरा, आणि नंबराचे सगळे आकडे स्पष्ट दिसेपर्यंत मला पाठवू नका.