गाडीत व्हीएचएफ सेट बसवायचा तर: सेट खोक्यातून काढण्याआधीची तयारी

ही यादी हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या, परवानाधारकांसाठी आहे. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर (व्हीएचएफ पट्ट्यातल्या हौशी बँडवर) चालणारा, ५० वॉटपर्यंत ताकदीचा एफएम मोबाइल सेट १२ व्होल्टच्या कारमध्ये किंवा जीपमध्ये बसवायचा आहे असं धरून ती लिहिली आहे. गाडीतला सेट त्रास देतो तेव्हा दोष बहुतेक वेळा सेटचा नसतो. वायर बारीक असते, फ्यूज चुकीच्या टोकाला असतो, अँटेनाच्या बुडाला धातूचा संपर्क नसतो किंवा सेट एअरबॅगच्या वाटेत बसवलेला असतो. म्हणून आधी गाडी तयार करायची आणि सेट खोक्यातून शेवटी काढायचा.

सुरुवात कागदांपासून. हौशी रेडिओचा परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखेकडून मिळतो. तो चालू आहे का, त्यात तुमच्या श्रेणीला या बँडवर किती ताकदीची मर्यादा घातली आहे आणि गाडीतून सेट चालवायला त्यात मुभा आहे का, हे तीन मुद्दे परवाना समोर ठेवून वाचा. सेट ५० वॉटचा आणि मर्यादा त्याहून कमी असेल तर मेन्यूमधून ताकद आधीच खाली बांधून टाका. परवाना नसताना ऑनलाइन मिळतो म्हणून व्हीएचएफ सेट घेऊन गाडीत लावणं बेकायदा आहे. ४४६ मेगाहर्ट्झच्या छोट्या वॉकीटॉकींना २०१८ पासून परवान्यातून सूट मिळाली आहे, पण ती हातातल्या कमी ताकदीच्या सेटपुरती. तिचा आधार घेऊन छतावर अँटेना चढवता येत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर मालकाच्या पुस्तिकेत रेडिओ ट्रान्समीटरबद्दलचं पान शोधा. कोणत्या बँडला किती ताकद चालेल आणि अँटेना कुठे बसवावा, हे काही कंपन्या तिथे स्पष्ट देतात.

आता जागा. सगळ्यात आधी एअरबॅग कुठे कुठे आहेत ते नक्की करा. स्टिअरिंगमधली आणि डाव्या बाजूच्या डॅशबोर्डमधली दिसते. पुढच्या सीटच्या कडेची आणि छताच्या कडेला दुमडून ठेवलेली पडद्यासारखी एअरबॅग सहसा विसरली जाते. तिची वाट पुढच्या काचेशेजारच्या खांबातून, दारांच्या वरून जाते. त्या खांबाच्या प्लास्टिकमागे अँटेनाची केबल कोंबणं सोपं वाटतं, पण एअरबॅग उघडताना तीच केबल आड येते. केबल तिथून नको, दाराच्या उंबऱ्याच्या पट्टीखालून न्या. पिवळ्या वेष्टनातल्या वायरी आणि पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे समजा. त्यांना टॅप मारायचा (मधून जोड काढायचा) नाही, त्यांच्यालगत आपली वायर बांधायची नाही आणि त्यांवर टेस्ट लॅम्प लावून बघायचंही नाही.

सेट कुठल्याही एअरबॅगच्या उघडण्याच्या वाटेत नको, आणि ड्रायव्हरचा गुडघा किंवा पाय आदळेल तिथेही नको. डोकं वेगळं करता येणारा सेट असेल तर काम सोपं होतं: डिस्प्ले गिअरच्या पुढे आणि अंग सीटखाली किंवा डिकीत. सीटखाली ठेवताना सीट पूर्ण पुढे-मागे सरकवून बघा. तिथे सीट सेन्सरच्या वायरी असतात, आणि गालिच्याखाली पावसाचं पाणीही साचतं. सेट दोन-तीन सेंटीमीटर उंच ब्रॅकेटवर हवा. पूर्ण ताकदीवर सेट साधारण ११ अँपिअर घेतो, म्हणजे १३.८ व्होल्टला दीडशे वॉट. त्यातले पन्नास अँटेनाकडे जातात आणि उरलेल्या शंभरांची उष्णता होते. मागच्या पंख्याला आणि उष्णता सोडणाऱ्या कल्ल्यांना मोकळी हवा मिळाली नाही तर विदर्भातल्या मे महिन्यात सेट काही मिनिटांत आपली ताकद आपणच उतरवतो.

सेट लोखंडी ब्रॅकेटवर, आरपार बोल्ट आणि नायलॉक नटने बांधा. प्लास्टिकच्या डॅशबोर्डमध्ये पिळलेले स्क्रू किंवा वेल्क्रो पुरत नाही. सव्वा किलोचा सेट अपघातात सुटला तर त्याचा मार वीस-तीस किलोच्या वजनाइतका बसू शकतो. भोक पाडण्यापूर्वी पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला काय आहे ते डोळ्यांनी बघा. जमिनीच्या पत्र्याखाली इंधनाची आणि ब्रेकची नळी असते. ड्रिल बिटला टेपचा जाड वळसा किंवा स्टॉपर लावा, म्हणजे बिट हवं तेवढंच आत जाईल.

वीजपुरवठ्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर मोबाइल सेट चालवू नका. त्याचा फ्यूज अनेक गाड्यांत १० किंवा १५ अँपिअरचा असतो, मागची वायर बारीक असते आणि स्प्रिंगवरचा संपर्क तापतो. ५ वॉटचा हातातला सेट तिथे चालेल. मोठ्या सेटला थेट बॅटरीपासून स्वतंत्र जोडी हवी. लाल-काळी तांब्याची लवचीक वायर पाच मीटर लागेल असं धरलं, तर जाऊन-येऊन दहा मीटर होतात. अडीच स्क्वेअर मिलिमीटरच्या वायरीत ११ अँपिअरला पाऊण व्होल्ट हरवतो, चारच्यात अर्धा, सहाच्यात एक तृतीयांश. चारपेक्षा कमी घेऊ नका आणि सेट डिकीत जाणार असेल तर सहाच घ्या. दुकानात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायरही मिळते. टोक खरवडून आतला रंग पांढरट दिसला तर ती परत करा.

पॉझिटिव्हचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा. फ्यूज वायरीसाठी असतो: बोनेटखाली वायर घासून बॉडीला टेकली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते, आणि फ्यूज सेटजवळ असेल तर मधली सगळी वायर पेटते. सेटबरोबर येतो तेवढ्याच, म्हणजे १५ किंवा २० अँपिअरचा फ्यूज घाला आणि त्याच मापाचे दोन जादा ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. पाण्यापासून वाचणारा झाकणाचा होल्डर घ्या. बोनेटमधून आत येताना वायर रबरी ग्रोमेटमधूनच यावी, कारण पत्र्याच्या कडेला घासलेलं इन्सुलेशन दोन पावसाळ्यांत उघडं पडतं. वायर कॉरुगेटेड पाइपमध्ये घाला आणि एक्झॉस्ट, वायपरची कांडी, स्टिअरिंगचा दांडा व पेडल यांच्यापासून दूर दर वीस सेंटीमीटरला केबल टायने बांधा.

निगेटिव्हबद्दल दोन मतं ऐकू येतात आणि दोन्हींमागे कारण आहे. जुन्या गाड्यांत निगेटिव्हही थेट बॅटरीच्या खांबाला जोडत आणि त्यातही फ्यूज ठेवत. इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टी तुटली की स्टार्टरचा प्रचंड प्रवाह सेटच्या काळ्या वायरीतून आणि अँटेना केबलच्या बाहेरच्या जाळीतून परत जायला बघतो, म्हणून तो फ्यूज. हल्लीच्या, विशेषतः सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणाऱ्या गाड्यांत, निगेटिव्ह खांबावर बॅटरीचा हिशेब ठेवणारा छोटा सेन्सर असतो. तुम्ही खांबालाच जोडणी केली तर सेटचा प्रवाह त्या सेन्सरला दिसत नाही आणि चार्जिंगचा हिशेब चुकतो. अशा गाडीत बॅटरीची काळी केबल बॉडीला जिथे बोल्टने जोडली आहे, तिथेच आपली जोडणी करा. रंग खरवडा, दातेरी वॉशर घाला, घट्ट आवळा आणि वर ग्रीस लावा.

काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा आणि शेवटी लावा. एअरबॅगच्या आसपास हात घालायचा असेल तर बॅटरी काढल्यावर काही मिनिटं थांबा. ट्रक आणि मोठ्या बसमध्ये २४ व्होल्ट असतात. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट उचलण्याची पद्धत सर्रास दिसते, पण त्यात एक बॅटरी सतत उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्ही लवकर मरतात. तिथे २४ वरून १३.८ व्होल्ट देणारा, किमान १५ अँपिअरचा कन्व्हर्टर लावा. इलेक्ट्रिक गाडीत १२ व्होल्टची छोटी बॅटरी वेगळी असते, जोडणी फक्त तिच्यावर. नारिंगी केबलला हात लावायचा नाही.

नुसता ऐकत ठेवलेला सेट अर्धा अँपिअर घेतो. तीन दिवसांत ३६ अँपिअर-अवर होतात, म्हणजे छोट्या कारची अख्खी बॅटरी. किल्लीबरोबर चालू-बंद होणारा रिले लावला की ही चिंता मिटते.

अँटेनासाठी गाडीतली सर्वोत्तम जागा छताचा मध्य. १४५ मेगाहर्ट्झला पाव तरंगाची, म्हणजे तरंगलांबीच्या चौथ्या भागाची, काडी (अँटेनाचा दांडा) साधारण ४९ सेंटीमीटर, आणि चारही बाजूंना तेवढाच पत्रा मिळाला तर सिग्नल सगळीकडे सारखा जातो. शिवाय छताचा पत्रा आतल्या माणसांना आडोसा देतो. सनरूफच्या काचेवर किंवा प्लास्टिकच्या स्पॉयलरवर हा फायदा मिळत नाही. घाटात आणि डोंगरावरच्या रिपीटरजवळ (सिग्नल पकडून पुढे पाठवणाऱ्या केंद्राजवळ) पाव तरंगाची काडी छान चालते. सव्वा मीटरची पाच-अष्टमांश तरंगाची काडी मराठवाड्या-विदर्भाच्या सपाटीवर लांब पोचते, पण घाटातल्या फांद्या आणि तळघरातल्या पार्किंगची कमान तिला खाली पाडतात. सुरुवात ४९ सेंटीमीटरच्या काडीनेच करा.

चुंबकी बुडाचा अँटेना लावताना छत आणि चुंबक दोन्ही पुसून घ्या, कारण खाली वाळूचा कण राहिला तर रंगावर गोल ओरखडा उमटतो. डिकीच्या कडेला पकडणारा माउंट घेतला तर त्याचे छोटे स्क्रू रंग भेदून धातूला टेकले पाहिजेत. मल्टिमीटरने माउंट आणि बॉडी यांमधला रोध तपासा, तो जवळजवळ शून्य हवा. डिकीचं दार नुसत्या बिजागरीवर लटकत असतं, म्हणून दार ते बॉडी एक चपटी जाळीची पट्टी जोडा. केबल दाराच्या रबरातून आत घ्यायची असेल तर ती आधी खाली लोंबवून मग वर वळवा, नाहीतर पावसाचं पाणी केबलवरून सरळ आत येतं. आरजी-५८ केबल पाच मीटरला सुमारे एक डेसिबल खाते, म्हणजे ताकदीचा पाचवा भाग. उरलेली केबल गुंडाळून ठेवू नका, मापाने कापा आणि पीएल-२५९ कनेक्टरची जाळी नीट सोल्डर करा.

आता एसडब्ल्यूआर मीटर. अँटेनाकडे पाठवलेली ताकद किती परत येते ते तो दाखवतो, आकडा एकाच्या जितका जवळ तितकं चांगलं. गाडी मोकळ्या मैदानात घ्या, दारं बंद करा, कुणाला अँटेनाजवळ उभं राहू देऊ नका. ५ वॉटवर १४४, १४५ आणि १४६ ला मोजा. १४४ ला कमी आणि १४६ ला जास्त असेल तर काडी लांब आहे. एका मिलिमीटरला साधारण ०.३ मेगाहर्ट्झ फरक पडतो, म्हणून एका वेळी दोन मिलिमीटरच कापा आणि पुन्हा मोजा. कापलेलं परत जोडता येत नाही. दीडच्या आत आलं की थांबा. तिन्ही ठिकाणी तीनच्या वर असेल तर काडी कापू नका, दोष बुडाच्या संपर्कात किंवा कनेक्टरमध्ये आहे.

मग पहिली परीक्षा. गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. शेजारी कुणाला तरी डॅशबोर्डकडे बघत बसवा. ५ वॉटवर पीटीटी (माइकवरचं बोलण्याचं बटण) दाबा, मग २५, मग ५०. दर वेळी दिवे, वायपर, इंडिकेटर, ब्रेक लाइट, एबीएस आणि एअरबॅगचा दिवा, इंजिनचा आवाज, मागचा कॅमेरा बघायचे. काहीही हललं तर तिथेच थांबा. अँटेना दुसरीकडे हलवा, पॉवरच्या वायरीवर सेटजवळ फेराइट कोर (वायरीभोवती बसणारं, रेडिओचा त्रास अडवणारं कडं) बसवा आणि पुन्हा ५ वॉटपासून सुरू करा. हे जमल्यावर रिकाम्या मैदानात सावकाश चालवत हेच करा. पूर्ण ताकदीवर सेटच्या प्लगपाशी आणि बॅटरीपाशी व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर कुठलं तरी लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) सैल आहे. ऐकताना इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी आली तर अर्थिंग बघा. वेगाशी संबंध नसलेली खरखर असेल तर आधी मोबाइलचा चार्जर काढून बघा.

चालवतानाचा नियम रस्त्यावर निघण्यापूर्वीच ठरवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातातलं संपर्क साधन वापरणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलं आहे. माइक हातात घेऊन घाट उतरणं तसंही शहाणपणाचं नाही. लागतील ते चॅनेल, रिपीटरच्या ऐकण्या-बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीतला ६०० किलोहर्ट्झचा फरक आणि रिपीटर उघडणारा टोन घरी बसून सेटमध्ये भरा. बोलायचं असेल तर गाडी बाजूला घ्या किंवा शेजारच्या परवानाधारकाला बोलू द्या. परवाना नसलेल्या सोबत्याच्या हाती माइक देऊ नका. माइकची वळ्यांची वायर स्टिअरिंग किंवा गिअरभोवती अडकणार नाही अशा जागी क्लिप लावा. ताम्हिणीत मोबाइलची रेंज गेली म्हणून सेट हमखास पोचेल असं धरू नका. १४५ मेगाहर्ट्झ डोंगराला वळसा घालत नाही, त्यामुळे पुढच्या-मागच्या गाडीशी भेटीची जागा आधीच ठरवा.

काही ठिकाणी सेट चालू असणंच चूक आहे. पेट्रोल पंपावर शिरण्यापूर्वी तो बंद करा. दगडखाणीजवळ किंवा घाट रुंदीकरणाच्या कामावर सुरुंगाची पाटी दिसली तर त्याहून आधी, कारण विजेच्या डिटोनेटरच्या वायरी अँटेनासारख्या वागून रेडिओची ऊर्जा पकडू शकतात. गाडीबाहेर अँटेनापासून मीटरभराच्या आत माणूस असेल, काच पुसणारं पोर असेल, तर पीटीटी दाबायचं नाही. प्रसारण चालू असताना उघड्या काडीला लागलेला हात भाजतो.

पहिल्या महिन्यानंतर आणि मग दर पावसाळ्याच्या आधी व नंतर ब्रॅकेटचे नट, बॅटरीवरचं लग, ग्रोमेटपाशी वायरीचं वेष्टन आणि दारात चेपलेली केबल हाताने चाचपून बघा. एसडब्ल्यूआर पुन्हा मोजून पहिल्या दिवसाच्या आकड्याशेजारी लिहा. १.३ वरून २ वर गेला असेल तर बहुतेक वेळा केबलच्या टोकात पाणी शिरलेलं असतं. जाळी हिरवी-काळी झाली असेल तर तो तुकडा वाळवत बसू नका, कापून टाका आणि नवा कनेक्टर लावा.