फवारणी मजुरांच्या आरोग्याची पाहणी करताना या चुका टाळा

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने रुग्णालयात पोचले आणि वीसच्या आसपास माणसे दगावली. या प्रश्नाची पाहणी करण्याच्या तळमळीने गावात उतरणारे विद्यार्थी आणि कार्यकर्ते मला अधूनमधून भेटतात. त्यांच्या कष्टांविषयी शंका नाही. पण काही चुका अशा आहेत की ज्यांच्या अंगात खरोखर विष गेले आहे, तीच माणसे कागदावरून गळून पडतात.

सर्वांत मोठी चूक प्रश्न विचारण्याआधीच, यादी करताना होते. तलाठ्याकडून सातबारा घेऊन नावे काढली की जमीनधारक मिळतात, फवारणारा मिळत नाही. पाठीवर पंप घेणारा बहुधा सालगडी किंवा रोजंदार असतो आणि त्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नसते. एका पाहणीत आमच्या अर्जावर पहिलाच प्रश्न होता, ‘तुम्ही फवारणी करता का?’ एका बाईंनी ‘नाही’ सांगितले आणि आम्ही पुढच्या घरी निघालो. निघताना पाहिले, तर त्या ड्रममध्ये औषध ओतून कोपरापर्यंत हात बुडवून ते ढवळत होत्या आणि त्याच ओल्या हाताने पंप भरून देत होत्या. पाणी आणणे, औषध कालवणे, फवारलेल्या वावरात दुसऱ्या दिवशी निंदणाला जाणे, फवारणीचे कपडे धुणे, यांपैकी कशालाच गावात ‘फवारणी’ म्हणत नाहीत. विष मुख्यतः कातडीतून अंगात जाते आणि न पातळ केलेले औषध हाताळणाऱ्याला धोका अधिक असतो, हे लक्षात घेऊन प्रत्येक काम वेगळे विचारावे. तेही मालकासमोर नव्हे. मालक खाटेवर बसलेला असताना ‘मला काही त्रास नाही’ याखेरीज दुसरे उत्तर मिळणे कठीण असते.

शब्दांचेही असेच आहे. ‘कीटकनाशक’ हा पुस्तकातला शब्द, वावरातला शब्द ‘औषध’. मात्र ‘औषधाचा त्रास झाला का’ असे नुसते विचारले, तर कोणी दवाखान्यातल्या गोळ्यांविषयी सांगू लागतो. म्हणून ‘फवारणीचे औषध’ असा पूर्ण शब्द वापरावा. तारीख विचारू नये, पोळ्याच्या आधी की नंतर, पात्या लागल्या तेव्हा की बोंडे धरल्यावर, असे विचारावे. औषधाच्या नावासाठी स्मरणशक्तीवर विसंबू नये; बांधावरची किंवा गोठ्यातली रिकामी बाटली पाहायला मागावी आणि व्यापारी नावासोबत लेबलावरचे रासायनिक नाव, टक्केवारी आणि विषारीपणाची पातळी दाखवणाऱ्या त्रिकोणाचा रंग टिपून घ्यावा.

रक्ततपासणीतली गफलत अधिक घातक ठरते. ऑरगॅनोफॉस्फेट गटातली औषधे नसांचे काम सुरळीत ठेवणाऱ्या कोलिनेस्टरेज या विकराचे (एन्झाइमचे) काम रोखतात, म्हणून रक्ताच्या तांबड्या पेशींत किंवा रक्तद्रवात (प्लाझ्मात) त्याची पातळी मोजतात. परंतु ही पातळी मुळातच माणसागणिक खूप वेगळी असते. ज्याची नेहमीची पातळी उंच आहे, त्याची बरीच घसरली तरी अहवाल ‘नॉर्मल’ येऊ शकतो. म्हणून पहिला नमुना पेरणीपूर्वी, मे महिन्यात घ्यावा आणि पुढचे नमुने त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने तपासून ज्याच्या-त्याच्या पहिल्या आकड्याशी ताडावेत. कॅलिफोर्नियात १९७४ पासून ही व्यवस्था आहे: पातळी मूळ आकड्याच्या ८० टक्क्यांखाली उतरली की कामाची पद्धत तपासली जाते आणि तांबड्या पेशींतली पातळी मूळच्या ७० टक्के किंवा रक्तद्रवातली ६० टक्के इतकी किंवा त्याहून कमी झाली की मजुराला त्या कामावरून हलवतात. रक्तद्रवातली पातळी यकृताच्या आजाराने आणि गरोदरपणातही उतरते, तर तांबड्या पेशींतली सावकाश, काही आठवड्यांनी-महिन्यांनी भरून येते. कोणती मोजली हे न लिहिलेला आकडा कोणाच्याच उपयोगाचा नाही. नमुना घेण्याआधी कातडी साबणाने धुवावी, कारण बोटावरचे औषध रक्ताच्या थेंबात मिसळले तर निकाल बिघडतो.

शिवाय ही तपासणी सगळ्या विषांची नव्हे. यवतमाळच्या वेळी चर्चेत आलेल्या औषधांत प्रोफेनोफॉस हे ऑरगॅनोफॉस्फेट होते, तसे त्या गटात न मोडणारे डायफेंथियुरॉनही होते, आणि डायफेंथियुरॉनमुळे कोलिनेस्टरेज उतरत नाही. पायरेथ्रॉइड आणि निओनिकोटिनॉइड गटांचेही तेच. अशा वेळी ‘अहवाल नॉर्मल, म्हणजे विषबाधा नाही’ असे लिहिणे हा त्या मजुरावर अन्याय आहे.

लघवीची तपासणी करायची असेल तर फवारणीनंतर एक-दोन दिवसांतच करावी, कारण ऑरगॅनोफॉस्फेटचे अवशेष लवकर बाहेर पडतात. ज्यांना सोसले नाही म्हणून ज्यांनी फवारणी सोडली, त्यांनाही शोधून काढावे. नाहीतर उरलेल्या धडधाकट माणसांवरून गाव निरोगी ठरते.

पाहणी चालू असतानाच कोणाला दरदरून घाम येत असेल, तोंडाला लाळ सुटली असेल, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या असतील, तर अर्ज तिथेच मिटवावा. कपडे उतरवून अंग साबण-पाण्याने धुवावे, आपले हात जपावेत आणि त्या माणसाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. सोबत बाटली किंवा तिचे लेबल न्यावेच. अ‍ॅट्रोपिन हा उतारा ऑरगॅनोफॉस्फेटवर उपयोगी पडतो, डायफेंथियुरॉनवर असा ठरावीक उतारा नाही, आणि अंगात नेमके काय गेले हे डॉक्टरांना त्या लेबलावरूनच सर्वांत लवकर कळते.